ठोका तोच का? डीजे-संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना

नाचाच्या विद्युत-संगीतात आता नवं काही उरलं नाही, ही तक्रार जगभर ऐकू येते आणि वाशिमच्या बसस्टँडवरही ऐकू येते. लग्नाची वरात असो, गणपतीचं विसर्जन असो की चौदा एप्रिलची मिरवणूक, गाणं कोणतंही लावा, खालचा ठोका तोच. वडीलधारे हे वैतागून म्हणतात, गाडीमागं नाचणारी पोरं हसत हसत म्हणतात, आणि गाडीवरचा ऑपरेटरही विश्वासात घेऊन विचारलं तर नाकारत नाही. एखाद्या कलेबद्दल तिचे विरोधक, तिचे रसिक आणि तिचे कारागीर यांचं एकमत व्हावं असं क्वचित घडतं. जे सगळ्यांना ऐकू येतं त्याचं कारण शोधायला मात्र सहसा कोणी बसत नाही.

त्या शोधाला निघणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. त्यांत संगीताचे विद्यार्थी असतील, समाजशास्त्राचे असतील, आणि माझी मनापासून इच्छा आहे की स्वतः डीजे चालवणारी मुलंही असावीत. या क्षेत्रात पाऊल टाकायला रागज्ञान लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. कान लागतो, आणि गोंगाट म्हणून जे बाजूला सारलं जातं त्याच्यासमोर तासन्‌तास बसायची तयारी लागते. एवढं असेल तर या, स्वागत आहे. इथं काम पुष्कळ आहे आणि हात थोडे आहेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. साचलेपण हा कलावंताच्या बुद्धीचा दोष आहे असं धरलं की प्रश्न तिथंच मिटतो आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी, वाजणाऱ्या गाण्याबद्दलचे निर्णय कोण घेतं, केव्हा घेतं आणि कुठं घेतं हे पाहावं. गती कोणी ठरवली? ठोक्याची उंची कोणी ठरवली? गाणं कुठं तोडायचं, कोणाच्या सांगण्यावरून? हे विचारत गेलं की साचलेपणाची कारणं एकेक करून समोर येतात, आणि त्यांतली फारच थोडी त्या गाडीवरच्या पोराच्या हातात असतात.

कल्पना सुचणं आणि ती रुजणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे आपल्याच मुंबईच्या एका उदाहरणावरून कळतं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडून एक तबकडी केली: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. खाली डिस्कोचा अखंड ठेका आणि वर यमन, मालकंस, मेघमल्हार असे दहा राग. टीबी-३०३ ला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, आणि मींड कानात मुरलेल्या माणसाला त्या घसरण्यात काय सापडलं असेल याची कल्पना आपण करू शकतो. तबकडी निघाली आणि विस्मरणात गेली. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्युचर या त्रिकुटानं त्याच यंत्राची बटणं पिळून एक गाणं काढलं आणि त्यातून अॅसिड हाउस नावाचा प्रकार उभा राहिला. सिंग यांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते थक्क झाले. २०१५ मध्ये सिंग गेले. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांतच त्यांना त्या तबकडीसाठी टाळ्या मिळाल्या.

या गोष्टीचा उपयोग अभिमानानं छाती फुगवण्यासाठी करू नये. आपण पहिले होतो एवढं म्हणून थांबलं तर त्यातलं महत्त्वाचं हातचं निसटतं. शिकागोत तेव्हा रात्रभर नाचणारे क्लब होते, ताजी टेप घेऊन डीजेकडे जाता येत होतं, ती त्याच रात्री वाजत होती, आवडली तर दुसरा तिच्यासारखी पण थोडी वेगळी करत होता. मुंबईत यंत्रं होती, डोकं होतं, पण त्या तबकडीवर नाचणारे नव्हते आणि तिला उत्तर म्हणून दुसरी तबकडी करणारा कोणी नव्हता. वाशिम जिल्ह्यात आज चित्र नेमकं उलटं आहे. नाचणारे आहेत, रस्ता आहे, यंत्रं आहेत, एकमेकांची कामं ऐकणारे शेकडो जण आहेत. कल्पनेला शिरायला जागा मात्र फार अरुंद आहे. ती अरुंद कशानं झाली, हा या क्षेत्राचा पहिला प्रश्न.

गोव्यातही शिकण्यासारखं आहे. १९८०च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर लोरां नावाचा फ्रेंच डीजे कॅसेटवर गाण्यांतला गायनाचा भाग गाळून नुसते वाद्यभाग वाजवत असे. पुढं तिथं डॅट टेप आल्या. उन्हानं विनाइल वाकडं होतं, धूळ बसते, म्हणून टेपच बऱ्या. अडचणीतून निघालेल्या त्या वाटेवर १९९०च्या दशकात गोवा ट्रान्स आकाराला आला आणि थोड्याच वर्षांत त्याचाही साचा झाला. तो साचा इस्रायलपासून ब्राझीलपर्यंत पोचला. चटया टाकून चहा विकणाऱ्या स्थानिक बायका त्या सगळ्या रात्रींच्या साक्षीदार आहेत, पण त्यांना काय ऐकू येत होतं हे विचारणारं लेखन माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. कोणी कोकणी जाणणाऱ्या मुलीनं हे काम हाती घ्यावं.

जगात या विषयावर वाद झडला आहे, आणि नवागतानं त्याची ओळख करून घ्यावी. सायमन रेनॉल्ड्स यांनी २०११ साली ‘रेट्रोमेनिया’ या पुस्तकात मांडलं की लोकप्रिय संगीत स्वतःच्याच भूतकाळात अडकलं आहे. मार्क फिशर यांनी २०१४ च्या ‘घोस्ट्स ऑफ माय लाइफ’मध्ये तोच धागा आणखी काळोखा केला. आजची तबकडी वीस वर्षं मागं नेऊन तिथल्या लोकांना ऐकवली तर त्यांना धक्का बसेल का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. २०१३ च्या सुमारास दालेरी या स्वीडिश जोडीनं महोत्सवांत गाजणाऱ्या डझनभराहून अधिक गाण्यांचे परमोच्च तुकडे साधारण मिनिटाभरात एकापुढं एक जोडून दाखवले. सांधा कुठं आहे हे कळेना. लोक हसले, पण ते खरं तर समीक्षेचं उत्तम काम होतं.

मोजमाप करणारे संशोधकही एकमेकांशी सहमत नाहीत. खुआन सेर्रा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १९५५ ते २०१० या काळातली ४,६४,४११ ध्वनिमुद्रणं तपासली. स्वरांच्या जोडण्या मर्यादित होत आहेत, ध्वनिरंगांतला फरक कमी होतो आहे आणि आवाज मोठा होत चालला आहे, असं त्यांना दिसलं. तीन वर्षांनी मथियास माउख आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीतली सुमारे १७,००० गाणी तपासली, तेव्हा सरसकट एकसुरीपणाकडं जाणारी सरळ रेषा त्यांना सापडली नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यावर वैविध्य घटलं आणि पुढं पुन्हा वाढलं. माझा कल दुसऱ्या निष्कर्षाकडं आहे. साचलेपण येतं तसं जातंही, आणि ते कशानं जातं हे पाहण्यात जास्त लाभ आहे. पण हे दोन्ही अभ्यास पश्चिमेच्या गाण्यांचे आहेत. बंजारा समाजाच्या गोरबोलीतलं, होळीला म्हटल्या जाणाऱ्या लेंगीचं एखादं रीमिक्स त्यांच्या चाळणीतून कधी गेलेलं नाही. ती चाळणी आपल्याला आपल्या हातानं विणावी लागणार आहे.

आता गाणं जिथं तयार होतं तिथं जाऊ. रिसोड किंवा मालेगाव तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात रीमिक्स करणारा एखादा मुलगा भेटतो. एक लॅपटॉप, एक हेडफोन, भिंतीला टेकवलेली एक खुर्ची. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एफएल. १९९७ साली बेल्जियममध्ये ‘फ्रूटीलूप्स’ या नावानं निघालेलं हे सॉफ्टवेअर आज आपल्याकडच्या मिरवणुकीच्या संगीताचा मोठा भाग घडवतं. नवी फाइल उघडली की गतीचा आकडा आधीच लिहिलेला असतो आणि समोर सोळा खणांची रांग मांडलेली असते. चार-चारचे चार गट. पहिल्या खणात ठोका, पाचव्यात, नवव्यात, तेराव्यात. पोरगा बटणं दाबतो तेव्हा ठेक्याविषयीचा सर्वांत मोठा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो त्यानं घेतलेला नसतो.

मग मूळ गाणं ओढून आणलं जातं. जुनं गाणं जिवंत वादकांनी वाजवलेलं असेल तर त्याची गती कडव्याकडव्यात थोडी हलते. खणात बसवण्यासाठी ते कुठं ताणावं लागतं, कुठं दाबावं लागतं. सहा मात्रांच्या झोक्याचं गाणं असेल तर जास्तच ओढाताण. एकेका ठोक्याचे तीन भाग करणं सॉफ्टवेअरला जमतं, अवघड अजिबात नाही, पण त्यासाठी मांडलेली रांग मोडून स्वतःची मांडावी लागते, आणि हाताशी असलेले तयार लूप बहुतेक चारच्या हिशेबातले असतात. हे लूप पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सअॅपवरून, ‘भाऊ, तुझा पॅक दे ना’ म्हणून फिरत येतात. हलगीचा एक लूप कोणीतरी कधीतरी चांगला वाजवून घेतलेला असतो. तो इतक्या गाण्यांत भेटतो की दोन-तीन महिने कान देऊन ऐकणाऱ्याला त्यातली तिसऱ्या थापेवरची किंचित घाईसुद्धा ओळखू येऊ लागते. कोण होता तो वादक? त्याला हे माहीत आहे का? या प्रश्नाचं उत्तर शोधणारा शोधनिबंध मी सर्वांत आधी वाचेन.

आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे चढती लय. डफडं वाजवणारा नाचणाऱ्याच्या पायाकडं पाहून लय चढवतो, दमलेला दिसला तर उतरवतो. एका गाण्यातून दुसऱ्यात न अडखळता जायचं तर दोन्हींची गती स्थिर आणि सारखी हवी, हा डीजेच्या तंत्राचा पायाच आहे. त्यामुळं चढ लयीत घेता येत नाही. तो मग आवाजात घेतला जातो: ठोका काढून घ्यायचा, शिट्टीसारखा स्वर वर वर न्यायचा, क्षणभर सगळं बंद, आणि मग धाडकन ठोका परत. हे पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. प्रत्येक गाण्यात तेच आलं की काटा येणं थांबतं.

लॅपटॉपवरून गाडीकडे आलं की भौतिकशास्त्राशी गाठ पडते, आणि या क्षेत्रात येणाऱ्यानं ते टाळू नये. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास ७ मीटर असते. आपल्या गावांतल्या कित्येक गल्ल्या त्याहून अरुंद आहेत. बेसच्या पेट्या ठरावीक पट्ट्यात जोरानं वाजतील अशा बांधलेल्या असतात, त्याच्या खाली त्यांची ताकद झपाट्यानं संपते. गाणं करणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो आपला ठोका त्याच पट्ट्यात बसवतो. बसवला नाही तर गाडीवर ‘वजन येत नाही’ आणि फोन येतो. परिणाम असा की वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या मुलांचे ठोके एकाच उंचीवर येऊन थांबतात. शिवाय आवाज दुप्पट मोठा जाणवायला साधारण दहापट शक्ती लागते. शेजारच्या मंडळाच्या गाडीपेक्षा आपली गाडी मोठी वाजावी या चढाओढीत पैसा अँप्लिफायरमध्ये, जनरेटरमध्ये, शार्पी लाइटमध्ये जातो. नव्या ध्वनीसाठी, वादकासाठी, तालमीसाठी त्यातलं काही उरत नाही.

पैशाचं चक्रही ओळखीचं आहे. सोयाबीन हे आपल्या जिल्ह्याचं मुख्य पीक. ते विकलं की हातात पैसा येतो, तुळशीची लग्नं लागतात आणि लग्नसराई उघडते. बऱ्याच जणांच्या गाड्या, पेट्या कर्जावर असतात आणि मोजक्या मुहूर्तांवर वर्षाचे हप्ते भरायचे असतात. अशा माणसाला ‘प्रयोग कर’ असा सल्ला देणं सोपं आहे. एका वरातीत पोरं नाचायची थांबली, तर पुढच्या दोन सुपाऱ्या जातात. फर्माईश करणारा नवरदेवाचा मित्र पैसे देणाऱ्याचा माणूस असतो, त्याला गेल्या आठवड्यात दुसऱ्या लग्नात वाजलेलं गाणंच हवं असतं. साचलेपणात या मित्राचा वाटा किती, हे मोजलं गेलं पाहिजे. मला तो मोठा वाटतो.

कायद्याचाही वाटा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले, सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल २००५ मध्ये लागला. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. ही मर्यादा मला योग्य वाटते. कानाचं नुकसान परत भरून येत नाही, आणि या संगीतावर प्रेम करणाऱ्यानंही हे ठणकावून सांगितलं पाहिजे. अभ्यासकानं मात्र एवढं पाहावं की दहाची वेळ गाण्याच्या बांधणीवर काय परिणाम करते. वरात निघायला नऊ वाजले तर हाताशी तासभर उरतो. मग गाण्याचा मुखडा येण्याआधीच पुढचं गाणं, सगळेच परमोच्च क्षण, मधला श्वास नाही. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाचातली सावकाश उलगडणारी रचना इथं जन्मच घेऊ शकत नाही.

आतापर्यंत मी ज्या तक्रारीची बाजू घेत आलो, तिच्या एका भागाशी माझा तीव्र मतभेद आहे. ‘पूर्वी डफडं होतं, सनई होती, काय रंगत होती’ असं म्हणताना ते डफडं कोणाच्या गळ्यात होतं हे विसरलं जातं. गावच्या प्रत्येक कार्यात वाजवणं हे काही जातींवर लादलेलं काम होतं. कौतुक वाजवण्याचं व्हायचं, माणसाला मात्र मांडवाबाहेर बसवायचे. ते वाद्य खाली ठेवणं हा अनेक कुटुंबांसाठी विचारपूर्वक घेतलेला, मान परत मिळवणारा निर्णय होता. आज लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाला ते काम जातीनं नेमून दिलेलं नाही. त्यानं ते निवडलं आहे. मिरवणुकीच्या मार्गावरून, आवाजावरून होणारे जातीय तंटे संपलेले नाहीत, हेही खरं. पण यंत्र आल्यानं काही गमावलं तसं काही फार मोलाचं मिळालं, ही नोंद न करणारा इतिहास मला अपुरा वाटतो. ग्रेगरी बूथ यांनी लग्नाच्या बँडवाल्यांवर २००५ साली लिहिलेलं ‘ब्रास बाजा’ या दृष्टीनं जरूर वाचावं. वाजवणाऱ्याची सामाजिक जागा आणि त्याचं संगीत एकत्र कसं पाहायचं याचा तो चांगला धडा आहे. पीटर मॅन्युएल यांचं कॅसेटच्या काळावरचं १९९३चं पुस्तक त्याच्या जोडीला घ्यावं.

नावीन्य कशाला म्हणायचं, यावरही आपल्याला आपल्या जमिनीवरून बोलावं लागेल. प्रसिद्ध चालीवर नवे शब्द बसवणं ही इथली जुनी आणि मानाची रीत आहे. कीर्तनकारांनी ते केलं, सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी केलं, भीमगीतं लिहिणाऱ्यांनी केलं. चाल ओळखीची असली की लोकांचं लक्ष शब्दांकडं जातं, आणि शब्दांतच तर सांगायचं होतं. म्हणून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाजलेल्या चालीवरचं भीमगीत वाजलं की ‘चोरलेली चाल’ असा शेरा मारणाऱ्यानं थोडं थांबावं. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज कॅसेटनं गावोगाव नेला. त्या गाण्यांच्या आजच्या डीजे-आवृत्त्यांत प्रश्न चालीचा नाही. नवे शब्द लिहिले जात आहेत की जुन्याच शब्दांखाली फक्त ठोका बदलतो आहे, हा आहे.

लेंगीचं उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातलंच. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान, आणि जिल्ह्यातल्या तांड्यांवर होळी आली की डफावर लेंगी सुरू होते. एक जण पुढं म्हणतो, बाकीचे उचलून धरतात. बाळाच्या धुंड या विधीच्या वेळी, तांड्यावरच्या एखाद्या प्रसंगावर, समोर उभ्या असलेल्या माणसावर म्हणणारा ऐनवेळी ओळ रचतो. त्या लेंगीचं आता ध्वनिमुद्रण होतं, खाली ठोका पडतो आणि ती गोरबोलीतली डीजे-गाणी म्हणून विदर्भ-मराठवाड्यापासून तेलंगणापर्यंतच्या तांड्यांत पोचतात. लिखित साहित्य थोडं असलेल्या भाषेला यामुळं केवढा विस्तार मिळाला! तरुण मुलं आपली बोली मोबाइलवर ऐकतात, मिरवतात. त्याच वेळी समोरच्या माणसावर ओळ रचण्याची जागा मुद्रणात गोठते. एकाच घटनेत ही भर आणि ही घट. मी साचलेपणाची व्याख्या याच टोकाला धरून करतो: वाजणाऱ्या गोष्टीत तिथं हजर असलेल्यांना काहीही बदलता येईनासं झालं की ते संगीत साचलं. चाल जुनी आहे की नवी, हे त्यानंतर पाहावं.

पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ते नंगाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं. वाद्याचा असा सन्मान होणं मोठीच गोष्ट आहे. संग्रहालयात नंगारा आणि बाहेर मोबाइलमध्ये लेंगीचं रीमिक्स, ही दोन्ही एकाच परंपरेची आजची रूपं मानून जो अभ्यास करेल, त्याच्या हाती खरं काही लागेल.

याच व्याख्येनं पाहिलं तर नागपूर-अमरावतीकडची संदल आणि धुमाळ पथकं मला आपल्या भागातलं सर्वांत जिवंत विद्युत-संगीत वाटतात. गाडीवर ढोल-ताशा असतो, त्याच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टापॅड. पॅडवाल्याकडं पाहत राहा. डाव्या काठीखाली ठोक्याचा पॅड, उजवीखाली कधी हलगी, कधी टाळी, कधी शिट्टी. एखादा पोरगा समोर येऊन वेगळाच पाय टाकतो, पॅडवाला ते टिपतो, दोन आवर्तनं त्याच्या पायाबरोबर जातो, ताशावाला मान हलवतो आणि तिथं एक ठेका जन्मतो. तो कुठल्या फाइलमध्ये नसतो. आवाज विजेवरच चालतो, ध्वनी साठवलेलेच असतात, आणि तरीही निर्णय रस्त्यावर, त्या क्षणी, हातानं होतो. ‘यंत्रामुळं कला मेली’ म्हणणाऱ्याला मी या पथकाजवळ नेईन. मुंबईच्या बाजूला रस्ता आणि मंच यांच्यातही देवघेव झाली आहे. न्यूक्लेया या नावानं वाजवणाऱ्या उद्यान सागर यांनी रस्त्यावरच्या मिरवणुकांचे आवाज उचलून ते महोत्सवांच्या मंचावर नेले. २०१६ चा त्यांचा ‘राजा बाजा’ हा अल्बम गणेश विसर्जनाच्या दिवसांत आला. रस्त्यानं मंचाला दिलं. मंचानं रस्त्याला काय परत दिलं, याचा हिशोब कोणीतरी मांडावा.

बायका या संगीतात कुठं आहेत, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. गाडीवर त्या जवळपास नाहीत. पण हळदीच्या रात्री अंगणात छोट्या स्पीकरवर गाणी त्याच निवडतात, क्रम त्याच लावतात, मध्येच बंद करून एखादं हळदीचं गाणं तोंडानं म्हणतात आणि पुन्हा चालू करतात. हे मिश्रण करणं नव्हे तर काय? या रात्रींचा अभ्यास मुलींनीच करावा, तिथं पुरुष अभ्यासकाला फारसं काही ऐकायला मिळणार नाही.

शेवटी संग्रहाबद्दल, कारण काम तिथूनच सुरू होतं. परवान्याशिवाय केलेली रीमिक्स कॉपीराइट कायद्यात बसत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ गाण्यानंतर पाच वर्षांनी परवान्यानं नवी आवृत्ती करता येते, तीही फारसा फेरफार न करता. त्यामुळं इंटरनेटवर चढवलेली ही गाणी केव्हाही उतरवली जातात, आणि गाडीवरच्या हार्डडिस्क पावसाळ्यात बिघडतात. गुरुग्रामचं लोकसंगीत-संग्रहालय १९८२ पासून ध्वनिमुद्रणं जपत आहे. आपल्या डीजे-गाण्यांसाठी असं काही नाही. अशोक रानडे यांनी संगीताच्या कोटींत जनसंगीताला स्वतंत्र जागा दिली, तिच्यात हे संगीत हक्कानं बसतं, पण त्या कप्प्यात आपण अजून फारसं काही ठेवलेलं नाही.

गाण्यात दर थोड्या वेळानं येणारी ‘डीजे अमुक, वाशिम’ ही आरोळी कापून टाकू नका. जुन्या शाहिरानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफावं तशी ती नाममुद्रा आहे, आणि कधी कधी करणाऱ्याचा तोच एकमेव पुरावा उरतो. फाइलचं नाव जसं असेल तसंच, चुकांसह, उतरवून घ्या. ती कोणाकडून आली, कोणत्या सालच्या कोणत्या वरातीत पहिल्यांदा वाजली, हे विचारा. जमलं तर तयार गाण्याबरोबर प्रोजेक्ट फाइलही मागा, कारण सोळा खणांपैकी कुठला खण कोणी मोडला हे तिच्यातच दिसतं. मालकाची परवानगी घ्या, ती वहीत लिहून ठेवा. गाडीजवळ उभं राहताना कानात बोळे घाला. आणि हे काम पोळ्याच्या आधी, गाड्या अंगणात उभ्या असतात आणि पोरांना बोलायला सवड असते, त्या दिवसांत सुरू करा.